भयकथेला निकष लावताना

अंबाजोगाईत शाळकरी वयात मी नारायण धारप झपाटल्यासारखे वाचले. वाचनालयातल्या त्या प्रतींची बांधणी उसवलेली असे. पुढे त्यांच्यावरचे गंभीर लेखन शोधत राहिलो. हाती थोडेच लागले. विज्ञानकथेच्या वाट्याला अधिक मान आला, पण त्यात लेखकाच्या विद्वत्तेचाही वाटा होता. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. नावाचे वजन नसतानाही तिला पहिले बक्षीस मिळाले.

भयकथेलाही असाच न्याय हवा. भूत असते का, हा प्रश्न समीक्षेचा नव्हे. कथा स्वतःच घालून दिलेला नियम पाळते का, हे पाहावे. धारपांच्या ‘समर्थ’कथांत अरिष्ट निवारणारा कुणी आहे, हा दिलासा असतो, म्हणून भीती आटोक्यात राहते. रत्नाकर मतकरींच्या अनेक गूढकथांत तो दिलासाच काढून घेतलेला असतो. ओळखीच्या घरातच घात होतो. हा फरक ‘थरारक’ या एका विशेषणात मावत नाही.

माझ्या जुन्या वहीत धारपांच्या नावापुढे ‘भारी’ एवढाच शेरा आहे. तो शेरा अपुरा होता.