पिशाचकथेतील साक्ष : कोकणच्या लोकसमजुतींची एक भाषिक चिकित्सा

भुताखेतांविषयी लिहिणाऱ्यांचे सामान्यतः दोन पक्ष आढळतात. एक पक्ष प्रत्येक कथा खरी मानून चालतो, दुसरा प्रत्येक कथा खोटी ठरवून मोकळा होतो. कथा सांगणाऱ्याने नेमके काय सांगितले, हे पाहण्याचे कष्ट मात्र दोघेही सहसा घेत नाहीत. संशयवादी अभ्यासकाने निर्णय राखून ठेवावा आणि आधी साक्षीची भाषा तपासावी, ही अपेक्षा साधी आहे. परंतु या विषयावरील मान्यवर ग्रंथही तिला पुरे उतरत नाहीत.

कोकणापुरते बोलावयाचे तर या क्षेत्रातील आधारग्रंथ म्हणजे आर. ई. एन्थोवेन यांनी १९१५ च्या सुमारास प्रसिद्ध केलेला कोकणच्या लोकविद्येचा संग्रह होय. त्यातील सामग्री मूळ ए. एम. टी. जॅक्सन यांनी जमविलेली. १९०९ मध्ये नाशिक येथे त्यांची हत्या झाल्यावर ती एन्थोवेन यांच्या हाती आली. गावोगावच्या शाळामास्तरांकडे प्रश्नावली पाठवून उत्तरे मिळविण्याची ही पद्धती होती, आणि अनेक विधानांखाली गावाचा व शाळेचा निर्देश आहे. मुंजा, देवचार, गिऱ्हा, समंध, जखीण, हडळ, खवीस या पिशाचांची त्यातील वर्णने पुढील अनेक लेखकांनी जशीच्या तशी उचलली. संग्रहाचे हे ऋण निर्विवाद आहे.

त्याची उणीव प्रश्नांच्या स्वरूपात आहे. ‘लोक काय मानतात’ असे विचारले असता उत्तर समजुतीचेच मिळते, अनुभवाचे नव्हे. ‘असे मानतात’, ‘असे सांगतात’ या सरसकट साच्यात स्वतः पाहिलेले, शेजाऱ्याकडून ऐकलेले आणि आजीच्या गोष्टीतून आलेले असे सारे एकाच पातळीवर येऊन बसते. उत्तर कोणत्या शाळेतून आले हे वाचकास कळते. पाहणारा कोण, हे कळत नाही.

याच्या उलट टोकाचा प्रयत्न लंडनच्या मानसिक संशोधन संस्थेचा. १८८२ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे पहिले अध्यक्ष हेन्री सिज्विक होते. त्यांच्या नेतृत्वाखालील समितीने सुमारे १७,००० व्यक्तींना विचारले, की पूर्ण जागे असताना, बाह्य कारणावाचून, कोणी दिसल्याचा, स्पर्श झाल्याचा वा आवाज ऐकल्याचा अनुभव स्वतःस आला आहे काय? जवळजवळ दहा टक्के लोकांनी होकार दिला. १८९४ च्या अहवालात दिसलेली आकृती आणि त्याच व्यक्तीचा मृत्यू यांचा मेळ योगायोगापेक्षा पुष्कळ अधिक वेळा बसतो, असा निष्कर्ष काढला गेला. विस्मृतीने गळालेल्या अनुभवांचाही समितीने हिशेब केला होता. तरीही अनेक अनुभव जुने होते, आणि मृत्यूची वार्ता कळल्यानंतर आठवणीला तिचे वळण लागते, ही शंका फिटत नाही. निष्कर्ष मान्य होण्यासारखा नसला तरी ‘स्वतःस आला आहे काय’ हा प्रश्न योग्य होता. एन्थोवेन यांच्या संग्रहात नेमका तोच नाही.

मराठीत हा प्रश्न विचारणे तुलनेने सोपे आहे, कारण भेद दाखविण्याची साधने भाषेतच आहेत. ‘त्या पिंपळावर मुंजा आहे म्हणे’, ‘मला विहिरीपाशी पांढरे काहीतरी दिसले’ आणि ‘मी विहिरीपाशी हडळ पाहिली’ ही तीन विधाने तीन निरनिराळ्या साक्षी होत. पहिल्यातील ‘म्हणे’ हे ‘म्हणणे’ या धातूचेच रूप. ते विधानाची जबाबदारी परक्यावर सोपविते. दुसऱ्यात अनुभवणारा ‘मला’ असा चतुर्थीत आहे. त्याला काही भासले एवढेच तो सांगतो. तिसऱ्यात पाहण्याची क्रियाही त्याची आणि दिलेले नावही त्याचेच. अर्थात व्याकरण हा पुरावा नव्हे. ‘दिसणे’ नित्याच्या वस्तूंनाही लागते आणि ‘म्हणे’ कधी नुसता उपरोध असतो. परंतु पुढचा प्रश्न कोणता विचारावा, हे या भेदांवरून कळते.

तिसरी पायरी, म्हणजे नामकरण, सर्वांत महत्त्वाची. झोपेतून जाग येताना मन जागे होते, पण स्वप्नावस्थेतील स्नायूंची शिथिलता काही क्षण टिकून राहते. अशा वेळी छातीवर कोणी बसल्याचा भास होतो, हे निद्राविज्ञानाने स्पष्ट केले आहे. हा अनुभव सांगणारा खोटे बोलत नाही. ‘कोणी बसले’ येथपर्यंत तो साक्षीदार असतो. ‘मुंजा बसला’ म्हणताच समाज त्याच्या तोंडून बोलू लागतो. मुंज झाली पण सोडमुंज राहिली तो मुंजा, बाळंतपणात गेली ती हडळ. ही यादी अपुऱ्या संस्कारांची आणि अकाली मरणांची यादी आहे. ‘समंध’ हा ‘संबंध’चा अपभ्रंश, ‘जखीण’ ही यक्षिणी आणि ‘खवीस’ अरबीतून आलेला. नावांचा इतिहास सांगता येतो. त्यावरून वस्तूचे अस्तित्व सिद्ध होत नाही.

हा भेद केवळ शास्त्रीय काटेकोरपणासाठी हवा असे नाही. ‘तिला भूत लागले’, ‘तिच्या अंगात आले’ या प्रयोगांत ती स्त्री कर्ती उरत नाही. रागाच्या भरात सासरी उच्चारलेला शब्द तिचा नव्हे असे ठरल्याने कधी तिचा बचावही होतो. पण त्याच न्यायाने तिने सांगितलेले दुखणे वा छळ हेही तिचे बोलणे राहत नाही. एकदा हे वाक्य उच्चारले गेले, की तिची साक्ष संपते आणि उतारा सुरू होतो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत, भूत उतरविण्याच्या मिषाने बांधून ठेवणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे या कृत्यांचा स्पष्ट उल्लेख करावा लागला, यावरून या वाक्याचे परिणाम ध्यानात यावेत. त्याच वर्षी २० ऑगस्ट रोजी या कायद्यासाठी झटणारे नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाली.

म्हणून एन्थोवेन यांच्या संग्रहाचा उपयोग समजुतींचा कोश म्हणून करावा, अनुभवांची नोंद म्हणून करू नये. नव्या क्षेत्रीय अभ्यासात कथन सांगणाऱ्याच्याच शब्दांत, ‘म्हणे’ व ‘दिसले’ यांसह, उतरवून घेतले पाहिजे. ऐकीव, अनुभव आणि नाव यांची नोंद वेगवेगळी झाली पाहिजे. असे केल्यावर एखादी घटना स्पष्टीकरणावाचून उरलीच, तर ती तशीच अनिर्णित ठेवण्याची तयारीही अभ्यासकाजवळ असली पाहिजे.