विद्युत्-विसर्जन यंत्रण : इलेक्ट्रोडची रचना आणि वेगाचे माप

विद्युत्-विसर्जनाने धातू घडविण्याच्या पद्धतीवर, म्हणजे टूलरूममध्ये जिला नुसते ‘स्पार्किंग’ म्हणतात तिच्यावर, विपुल संशोधनपर लेखन झालेले आहे, आणि त्यातील मोठा भाग इलेक्ट्रोडविषयी आहे. या लेखनाचा साचा आता ठरून गेला आहे. तांबे, पितळ, ग्रॅफाइट अशा दोन-तीन पदार्थांचे गोल इलेक्ट्रोड घ्यावयाचे, विद्युत्-प्रवाह आणि स्पंदाचा काळ पायरीपायरीने बदलावयाचा, प्रयोगापूर्वी व प्रयोगानंतर जॉब तोलावयाचा, आणि मिनिटास किती घन मिलिमीटर धातू निघाला ते सांगून अमुक इलेक्ट्रोड अधिक वेगवान असा निर्णय द्यावयाचा. या मोजमापात असत्य काही नाही. तथापि ज्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी ते केलेले असते त्याचे उत्तर त्यातून मिळते काय, याची चिकित्सा क्वचितच होते. इलेक्ट्रोडचा ‘वेग’ हा शब्द अशा लेखांत सिद्धच धरलेला असतो. त्याची व्याख्या तपासण्याची गरज कोणाला वाटत नाही.

याचे मूळ या पद्धतीच्या इतिहासात आहे. 1943 साली सोव्हिएत रशियात लाझारेंको दांपत्याने हिचा पाया घातला तेव्हा त्यांचा मूळ उद्देश नेमका उलटा होता. विद्युत्-संपर्काच्या टोकांची ठिणगीने होणारी झीज कशी थांबवावी, याचा ते शोध घेत होते. ती झीज थांबेना. मात्र तिला वळण लावून धातू कोरता येतो, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांच्या धारित्र-रोध मंडलात जॉबाबरोबर इलेक्ट्रोडही पुष्कळ झिजे. पुढे 1960 नंतरच्या दशकात ट्रान्झिस्टरयुक्त स्पंद-जनित्रे आली, दीर्घ स्पंद वापरणे आणि इलेक्ट्रोड धनाग्र ठेवणे शक्य झाले, आणि तांब्याची वा ग्रॅफाइटची झीज अत्यल्प झाली. येथून इलेक्ट्रोड म्हणजे साच्याची उलटी प्रतिमा, आणि न झिजणारी प्रतिमा ती उत्तम, ही कल्पना दृढ झाली. ती इतकी खोल रुजली की ‘इलेक्ट्रोडची रचना’ या शीर्षकाखाली पुष्कळदा केवळ पदार्थाची निवडच चर्चिली जाते. त्या पदार्थाच्या ठोकळ्याला आकार कोणता द्यावा, त्यातून द्रव कोठून यावा आणि कोठून जावा, ही जणू कारागिराची बाब.

पदार्थाचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. तांबे 1085 अंश सेल्सिअसला वितळते, पोलाद त्याहून सुमारे चारशे अंश वर. असे असूनही पोलाद कोरताना तांबे टिकते, कारण ते ठिणगीची उष्णता पोलादाच्या कित्येक पटींनी त्वरेने आत वाहून नेते. ग्रॅफाइट तर सामान्य दाबाखाली वितळतच नाही. डिबिटोंटो, युबँक, पटेल व बारुफेत यांनी 1989 साली मांडलेल्या प्रतिमानात ठिणगीच्या ऊर्जेचा सुमारे 18 टक्के भाग ऋणाग्राकडे आणि 8 टक्के भाग धनाग्राकडे जातो, उरलेला मुख्यतः द्रवात जातो. दीर्घ स्पंदात ऋणाग्र अधिक का कोरले जाते, हे समजून घेण्यास असे प्रतिमान फार उपयोगी पडले. परंतु हे सारे एका ठिणगीचे शास्त्र आहे. पहिली ठिणगी स्वच्छ द्रवात पडते. लक्षावधी ठिणग्यांनंतरची ठिणगी आधीच्या साऱ्या ठिणग्यांनी मागे ठेवलेल्या किसात, वायूच्या बुडबुड्यांत आणि काजळीत पडते. या दोहोंत जे अंतर आहे तेच कारखान्यातील वेग ठरविते.

एक साधा हिशेब येथे पुरेसा होईल. पाणी दिलेल्या पोलादात 1 मिलिमीटर रुंद, 20 मिलिमीटर लांब आणि 30 मिलिमीटर खोल अशी खाच पाडावयाची आहे. निघावयाचा धातू 600 घन मिलिमीटर, म्हणजे पावणेपाच ग्रॅमपेक्षाही कमी. इलेक्ट्रोडच्या सर्व बाजूंनी 0.05 मिलिमीटरची फट धरली, तर सारा कीस वर येण्याच्या वाटेचे क्षेत्रफळ 2.1 चौरस मिलिमीटर भरते, आणि ही वाट शेवटी 30 मिलिमीटर लांब होते. अरुंद फटीतून संथ वाहणाऱ्या द्रवाचे प्रमाण त्याच दाबाखाली फटीच्या रुंदीच्या घनाने वाढते आणि वाटेच्या लांबीच्या प्रमाणात घटते. म्हणजे एक मिलिमीटर खोलीवर जो द्रव वाहत होता, त्याचा तिसावा हिस्सा तीस मिलिमीटरवर वाहील. कीस साचला की ठिणग्या एकाच जागी पडू लागतात, सर्व्हो यंत्रणा इलेक्ट्रोड मागे घेते, आणि घड्याळ चालू असता काम थांबते. उलटपक्षी प्रयोगशाळेतील नेहमीचा नमुना म्हणजे 10 मिलिमीटर व्यासाच्या गोल इलेक्ट्रोडने पाडलेला मिलिमीटरभर खोल खळगा. तेथे तांबे आणि ग्रॅफाइट यांत जो फरक दिसतो, तो तीस मिलिमीटर खोलीवर टिकेल अशी हमी त्या प्रयोगात कोठेही नाही. शोधनिबंधात खोलीचा आकडा दिलेला नसला, तर वेगाच्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

द्रवाच्या वाटेचा विचार करणारे संशोधन झालेच नाही असे नाही, आणि इलेक्ट्रोडच्या रचनेतील खरी प्रगती तेथेच झालेली दिसते. सर्वांत बोलके उदाहरण नळीच्या इलेक्ट्रोडचे. टर्बाइनच्या पात्यांतील थंडाव्याची भोके आणि तार-कटाईपूर्वीची आरंभीची भोके पाडण्यासाठी पितळेची वा तांब्याची बारीक नळी फिरती ठेवून तिच्या पोकळीतून भारी दाबाने पाणी सोडतात. ही नळी भयंकर झिजते. कठीण मिश्रधातूत भोक जितके आत जाते त्याच्या बरोबरीने तिची लांबी घटू शकते. झिजेच्या तक्त्यात तिचा क्रमांक शेवटचा लागेल. तरीही ती मिनिटात कित्येक मिलिमीटर आत जाते आणि व्यासाच्या शंभरपट खोल भोकही पाडू शकते, कारण कीस निघण्याची वाट तिने आपल्या पोटातूनच आणलेली असते. एकाच पोकळीच्या नळीने भोकाच्या मध्यावर धातूचा बारीक खुंट शिल्लक राही. म्हणून आत दोन-तीन वाटा असलेली नळी आली. पदार्थ तोच, पितळ. बदलला तो छेद. अर्थात दोषही आहेत. झिजेमुळे बंद तळाच्या भोकाची खोली नेमकी धरता येत नाही, आणि वितळून पुन्हा थिजलेला थर भोकाच्या भिंतीवर राहतो, जो विमानाच्या इंजिनात दुर्लक्षिता येत नाही.

कुनिएदा आणि योशिदा यांनी 1997 साली द्रवाच्या जागी वायू वापरून केलेले यंत्रणही याच विचाराचे अपत्य होय. तेथेही इलेक्ट्रोड पातळ भिंतीची नळीच, आणि तिच्यातून वेगाने निघणारा वायूचा झोत कीस उडवून नेतो. झीज तर नगण्यच. आयआयटी मुंबईत गोविंदन व सुहास जोशी यांनी शुष्क पद्धतीचा पाठपुरावा केला, आणि 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इलेक्ट्रोडच्या परिघावर खाचा पाडून त्यांचा परिणाम तपासला. इलेक्ट्रोडचा आकार हाच येथे प्रयोगाचा विषय झाला, ही त्यातील मोलाची गोष्ट. द्रवात काम करताना बास्क प्रदेशातील प्लाझा, सांचेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली सूक्ष्म भोकांसाठी मळसूत्री खाचेचा इलेक्ट्रोड वापरला, तोही टायटॅनियमच्या मिश्रधातूत, म्हणजे जेथे उष्णता बाहेर पडणे आधीच कठीण. वरील हिशेब येथे पुन्हा लावून पाहावा. 0.05 मिलिमीटर फटीच्या जागी 0.2 मिलिमीटर खोल आणि पुरेशी रुंद खाच दिली, तर तेथील वाट पाचपट होते आणि तेवढ्या रुंदीतून वाहणारा द्रव सव्वाशे पट. खाचेने काम करणारे पृष्ठफळ थोडे घटते, ही हानी त्यापुढे क्षुल्लक आहे.

परंतु येथेच एक आक्षेप घ्यावा लागतो, आणि तो घेतला जात नाही. खाच असलेला इलेक्ट्रोड फिरत नसेल तर ती खाच जॉबाच्या भिंतीवर उंचवट्याच्या रूपाने उमटणारच. मळसूत्री असो वा सरळ, असा इलेक्ट्रोड गोल भोकापुरता. साच्यातील अरुंद, चौकोनी, फिरवता न येणाऱ्या खाचेचा प्रश्न, जो टूलरूमला रोज भेडसावतो, या प्रयोगांनी सुटत नाही. तो अंशतः सुटला तो इलेक्ट्रोडच्या आकाराने नव्हे, गतीने : रेषीय मोटरच्या यंत्रावर इलेक्ट्रोड झटक्यासरशी वर उचलला की ताजा द्रव आत ओढला जातो. मात्र उचलण्याच्या काळात ठिणगी पडत नाही, म्हणून खाच खोल होईल तसा या उड्यांचा खर्चही वाढतो.

गु, झाओ, राजुरकर प्रभृतींचा 2012 चा जुडीचा इलेक्ट्रोड या दृष्टीने अधिक धाडसी वाटतो. बारीक नळ्यांची जुडी बांधून त्यांची टोके साच्याच्या पृष्ठभागाप्रमाणे कमीअधिक लांबीची ठेवावयाची, आणि प्रत्येक नळीतून द्रव सोडावयाचा. प्रतिमा ओबडधोबड उमटते, परंतु प्रत्येक नळीच्या तोंडाशी फट धुतली जाते. पुढच्याच वर्षी शांघायच्या या गटाने, स्पार्किंगमध्ये जो निषिद्ध मानतात तो अखंड आर्क शेकडो अँपिअरने मुद्दाम पेटवून, इलेक्ट्रोडच्या अनेक छिद्रांतून येणाऱ्या जोरदार झोताने तो तोडण्याची पद्धत मांडली. खडबडीत कामापुरता असा वेग नेहमीच्या पद्धतीला साधणे शक्य नाही. फट अतिशय स्वच्छ ठेवणेही सर्वत्र हितावह नसते, हे मात्र या उत्साहात विसरता कामा नये. थोडा कीस असला तर ठिणगी सहज पेटते. आणि तांब्यावर बसून त्याचे रक्षण करणारा कर्बाचा थर फाजील झोताने धरत नाही, त्यामुळे झीज वाढते. द्रवाचा झोत ही अमर्याद वाढविण्याची गोष्ट नव्हे.

तार-कटाईतील जस्ताचा लेप दिलेल्या पितळी तारेचा उल्लेख ओझरताच पुरे. जस्त 907 अंशांना उकळते, म्हणून लेप स्वतः उडून जातो आणि गाभा वाचवतो. तेथे तार एकदाच वापरावयाची असल्याने झीज हाच गुण ठरला.

राहिला इलेक्ट्रोड घडविण्याचा काळ, जो वेगाच्या कोणत्याच तक्त्यात येत नाही. खोल साच्याला एक खडबडीत आणि एक-दोन सफाईचे इलेक्ट्रोड लागतात. ग्रॅफाइट मिलिंगवर झरझर कापले जाते आणि त्याला बर येत नाही. तांब्याचा तोच इलेक्ट्रोड अधिक वेळ घेतो व वर त्याची बर काढावी लागते. लेझरने थरावर थर चढवून इलेक्ट्रोड तयार करण्याचे प्रयत्न 1999 च्या सुमारासच ड्युर, पिल्झ व एलेझर यांनी सुरू केले होते. आतील वाटा हव्या तशा वळविता येणे हे या रीतीचे खरे बळ; परंतु चर्चा झाली ती पुन्हा सच्छिद्रतेची आणि झिजेची, म्हणजे प्रतिमेच्याच जुन्या कसोटीवर. पदव्युत्तर प्रबंधासाठी हा विषय घेणाऱ्याने, तांब्याच्या ठोकळ्यापेक्षा दुप्पट झिजणारा पण आतून वाटा असलेला इलेक्ट्रोड घेऊन तीस मिलिमीटरची खाच पाडावी, आणि मिलिंगचा, बदलण्याचा, उड्यांचा व ठिणगीचा काळ चार निराळ्या स्तंभांत नोंदवावा. त्या तक्त्यात ठिणगीचा स्तंभ सर्वांत लहान निघणेही अशक्य नाही.