नक्कल, रियाज आणि एक गिटारवादक

आजचा विषय वाचून काहींनी भुवया उंचावल्या असतील. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने रॉक गिटारवादकाबद्दल का बोलावं? तर आम्हाला आमचीच एक जुनी चूक तपासायची आहे. १९८०च्या दशकात धोबीतलावच्या रंगभवनावरून जाताना आतून इलेक्ट्रिक गिटारचा गडगडाट ऐकू यायचा. आम्ही गिरगावकडे चालता चालता निकाल देऊन मोकळे व्हायचो: 'सगळी उसनवारी!' तो निकाल टिकतो का, हे पाहायला महेश तिनईकर यांची कारकीर्द घेऊ.

तिनईकर हे १९८४ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या 'रॉक मशीन'चे संस्थापक गिटारवादक. त्यांचं संगीत काटेकोरपणे हेवी मेटल नव्हे, त्याच्या शेजारचं हार्ड रॉक. तेव्हा इथल्या बँडनी परदेशी गाणी वाजवायची, असाच रिवाज होता. नक्कल जितकी हुबेहूब, तितक्या टाळ्या जास्त. 'रॉक मशीन'ही याच वाटेने आला. पण १९८८ साली त्यांनी 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला.

मग आमचा निकाल चुकला का? आमच्या मते, अर्धा चुकला. चाली स्वतःच्या, शब्द स्वतःचे; पण ऐट अजून अमेरिकेची. बंडखोरी आहे, ती नेमकी कशाविरुद्ध, हे मात्र कळत नाही. रचना स्वतःची असली म्हणजे आवाज स्वतःचा झाला, असं होत नाही.

पण इथेच थांबलो तर अन्याय होईल. याच गिरगावात देवधर मास्तरांच्या विद्यालयात कुमार गंधर्व लहानपणी शिकायला आले, तेव्हा ते मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका जशाच्या तशा गात. त्याला आपण चोरी म्हणत नाही. नक्कल नक्कलच राहते की रियाज ठरते, हे पुढे काय घडतं त्यावर अवलंबून असतं. फरक एवढाच, की कुमारांसमोर मास्तर होते. गिटारवाल्या पोरांचा गुरू म्हणजे बहुतेक वेळा कॅसेट. कॅसेट चूक दाखवत नाही, आणि 'आता माझं पुरे, तुझं वाजव' असंही सांगत नाही. ते ज्याचं त्यालाच उमगावं लागतं.

१९९३ साली बँडने 'इंडस क्रीड' हे नाव घेतलं. पुढे बँड थांबला, २०१० साली पुन्हा जमला आणि २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम आला. तिथे तिनईकरांची गिटार ऐका. आता थोडी तांत्रिक बाब सांगतो. अ‍ॅम्प्लिफायरला झेपेल त्याहून जास्त सिग्नल दिला, की ध्वनिलहरींचे माथे कापले जातात. त्यातून तो खरखरीत आवाज येतो आणि सूर लांब टिकतो. सूर टिकला की तार बाजूला ओढून तो वर चढवता येतो. आपल्या सतारीतली मींड आठवा. ही सोय हाती आली की वादकाला सुटतो तो वेगाचा मोह. 'इव्हॉल्व्ह'मध्ये तो मोह आवरलेला आम्हाला जाणवतो. गिटार गाण्याला जागा देते, थांबते, मग बोलते. १९८८ची ऐट इथे उरलेली नाही. शब्द इंग्रजीच आहेत. पण बोलणारा माणूस आता त्याच्या स्वतःच्या वयाचा आहे.

ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनंतर रंगभवनातले असे कार्यक्रम बंद पडले. शेजारी इस्पितळं आहेत, कॉलेज आहे. नियम चुकीचा होता असं आम्ही म्हणणार नाही. पण शिकाऊ वादकाला फसायला, हुर्यो सोसायला आणि पुन्हा उभं राहायला एक जागा लागते. ती गेली, याचं वाईट वाटतं.

आणि आमचा निकाल? तो भिंतीबाहेरून, एका कार्यक्रमाच्या आवाजावर दिलेला होता. कलावंताची पंचवीस वर्षं ऐकल्याशिवाय 'उसनं' हा शब्द वापरू नये, एवढं आम्ही उशिरा शिकलो. घरी गेल्यावर हे दोन्ही अल्बम लागोपाठ ऐका. आमचं म्हणणं पटलं नाही, तर पुढल्या वेळी भांडायला जरूर या.