काँक्रीटच्या पृष्ठभागाचा टिकाऊपणा : वऱ्हाडाच्या संदर्भात मानकाची चिकित्सा

गुरुकुंज मोझरी असो वा अकोल्याकडील एखादे खेडे, गावातील काँक्रीट रस्त्याविषयीची तक्रार बहुधा एकच असते. वरचा थर भुकटीसारखा निघतो आणि खडी उघडी पडते. त्यावर ‘सिमेंट खाल्ले’ हा लोकनिर्णय ठरलेला. तो काही वेळा खराही असतो. परंतु सिमेंट पुरेसे असूनही पृष्ठभाग का खचतो, या प्रश्नाकडे त्यामुळे दुर्लक्ष होते.

गुणवत्तेचा पुरावा म्हणून 150 मि.मी. चा ठोकळा तपासला जातो. हा ठोकळा 28 दिवस सुमारे 27 अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात बुडलेला असतो. रस्ता मात्र वैशाखाच्या उन्हात असतो. ठोकळा उत्तीर्ण होतो, रस्ता अनुत्तीर्ण. आणि दोन्ही निकाल खरे असतात. कारण ही चाचणी मिश्रणाची क्षमता सांगते, पृष्ठभागाची अवस्था नव्हे.

आय.एस. 456 च्या 2000 सालच्या आवृत्तीत साध्या सिमेंटासाठी किमान 7 दिवस, उष्ण व कोरड्या हवेत किमान 10 दिवस पाणी मारणे आवश्यक मानले आहे. मिश्र सिमेंटासाठी मात्र 14 दिवसांची केवळ शिफारस आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते उणीव नेमकी येथे आहे. बाजारात सर्रास मिळणाऱ्या पोझोलाना सिमेंटात 15 ते 35 टक्के राख असते. राखेची चुन्याशी होणारी प्रक्रिया संथ असते व तिला ओलावा दीर्घकाळ लागतो. वाळण्याची सुरुवात वरून होत असल्याने सर्वाधिक झिजणारा थरच सर्वांत अपक्व राहतो. जेथे ऊन आणि राख एकत्र येतात, तेथे 14 दिवसांची सक्तीच हवी होती. त्यातच मार्चअखेरची कामे विहिरींचे पाणी खाली जाण्याच्या काळातच उरकली जातात!

वर तरंगणारे पाणी शोषण्यासाठी कोरडे सिमेंट भुरभुरून गुरमाळा फिरवण्याची रीत तर घातकच होय. त्याने तकतकीत पण कमकुवत पापुद्रा तयार होतो. पाणी आपोआप ओसरेपर्यंत थांबणे, हाच उपाय. ट्रिमिक्स पद्धतीत निर्वात पंपाने जादा पाणी ओढून घेतात. कारखान्याच्या कोब्यास ती उत्तम, गल्लीस खर्चिक. सिलिकेटचे द्रावण मोकळ्या चुन्याशी संयोग पावून छिद्रे बुजवते, परंतु न मुरलेल्या काँक्रीटला ते तारू शकत नाही. त्यापेक्षा मातीची आळी बांधून पाणी साठवणे वा ओले गोणपाट पसरणे स्वस्त व खात्रीचे. अंदाजपत्रकात मात्र या 14 दिवसांच्या मजुरीची आणि टँकरची स्वतंत्र बाब क्वचितच आढळते.