विजेच्या धड्यातले पाणी

'धारा' आणि 'प्रवाह' हे दोन्ही शब्द मुळात पाण्याचे. त्यामुळे विजेचा धडा सुरू झाला की उंचावरची टाकी आणि तिला जोडलेली नळी हजर व्हावी, यात नवल नाही. टाकीची उंची म्हणजे विभवांतर, वाहते पाणी म्हणजे विद्युतधारा, बारीक नळी म्हणजे जास्त रोध. उपमा सोपी आहे आणि मुलांना चटकन पटते. पण ती पटल्यावर मुलांच्या मनात नेमके काय उतरते, हे आपण क्वचितच तपासतो.

उपमा वापरणे अशास्त्रीय आहे, असे मुळीच नाही. खुद्द ओहमने १८२७ साली आपला सिद्धांत मांडताना फूरिएच्या उष्णतावहनाच्या गणिताचा आधार घेतला होता. मात्र त्याआधी त्याने तारा बदलून मोजमापे केली होती. त्या काळचे विद्युतघट स्थिर नसत, म्हणून १८२६ साली त्याने तांबे आणि बिस्मथ यांचे तापयुग्म वापरले. उपमेमागे मोजमाप उभे होते. आपल्या वर्गात मात्र बहुधा उपमा एकटीच उभी असते.

तिचा पहिला दोष टाकीत आहे. टाकीतले पाणी नळातून बाहेर पडते आणि संपते. मूल घटालाही टाकीच समजते: घटात वीज भरलेली असते, ती तारेतून दिव्यापर्यंत जाते आणि दिवा ती वापरून टाकतो. रोजची भाषा या समजुतीला खतपाणी घालते. जुना फ्रिज वीज 'खातो', असे आपण म्हणतोच. प्रत्यक्षात दिव्यात जेवढी धारा शिरते तेवढीच बाहेर पडते. दिव्यात रूपांतर होते ते ऊर्जेचे. आपल्या बिलातले एक युनिट म्हणजेही एक किलोवॅट-तास, अर्थात ३६ लाख ज्यूल ऊर्जाच.

दुसरा दोष रिकाम्या नळीचा. नळीतून पाणी पोचायला वेळ लागतो. मग घटापासून निघालेले इलेक्ट्रॉन धावत जाऊन दिवा पेटवत असतील, असे मुलांना वाटते. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर धारा जात असेल, तर इलेक्ट्रॉन सरासरी सेकंदाला ०.०७ मिलिमीटर इतकेच पुढे सरकतात. एक मीटर जायला पावणेचार तास! तरीही दिवा लगेच लागतो, कारण तारेत इलेक्ट्रॉन आधीपासून सगळीकडे असतातच, आणि कळ दाबताच ते सगळीकडे जवळजवळ एकाच वेळी सरकू लागतात.

तिसरा दोष घरच्या अनुभवातून येतो. खालच्या मजल्यावर नळ सोडला की वरच्या मजल्यावरची धार बारीक होते. हा अनुभव घेतलेले मूल समांतर जोडणीत दुसरा दिवा लावला की पहिला निम्म्याने मंद होईल, असे सांगते. मुलाचा तर्क चुकलेला नाही. आपण दिलेल्या उपमेवरून तोच निघतो. घट चांगला असेल तर पहिला दिवा जवळजवळ तसाच राहतो आणि घटातून जाणारी धारा वाढते.

मॅकडरमॉट आणि शॅफर यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक प्रश्न होता. सारखेच पाच दिवे आणि सारखेच आदर्श घट. एका घटाला एकटा दिवा, दुसऱ्याला दोन दिवे एकसर, तिसऱ्याला दोन समांतर. तेजस्वितेचा क्रम लावा. एकटा दिवा आणि समांतर जोडलेले दोन्ही दिवे सारखेच तेजस्वी, तर एकसर जोडलेले दोन्ही सारखेच मंद, हे बरोबर उत्तर सुमारे १५ टक्क्यांनाच आले. ओहमच्या नियमावरची गणिते सोडवता येणे म्हणजे परिपथ समजणे नव्हे, एवढा बोध यातून घ्यायला हरकत नाही.

मग पाणी धड्यातून काढूनच टाकावे काय? तसे नको. टाकीऐवजी पंप बसवलेली, पाण्याने आधीच भरलेली बंद नळी दाखवावी. त्याहून बरी उपमा शाळेच्या आवारातच उभी असते: सायकलची साखळी. पायडल मारताच सगळे दुवे एकदम हलतात, एकही दुवा खर्च होत नाही, आणि काम मात्र मागच्या चाकाला मिळते. साखळीला फाटे फुटत नाहीत, म्हणून समांतर जोडणीसाठी ती निरुपयोगी. प्रत्येक उपमेची अशी हद्द मुलांनाच शोधायला लावावी.

त्याहून महत्त्वाचा बदल क्रमाचा. दोन घट, टॉर्चचा एक दिवा आणि एक अॅमीटर घ्या. दिव्याच्या अलीकडे आणि पलीकडे धारा किती असेल, हे प्रत्येकाला आधी वहीत लिहू द्या. मग अॅमीटर आधी एका बाजूला, नंतर दुसऱ्या बाजूला जोडून मोजा. दोन्ही वाचने सारखी आली की वर्गात चर्चा होईलच. उपमेची वेळ त्यानंतरची.