छायाचित्रातील घर

मढच्या बंगल्यांना कॅमेऱ्याची सवय आहे. वर्सोव्याहून नावेने खाडी ओलांडली की कोळीवाड्यात बांबूंच्या वलांडीवर बोंबील सुकत असतात, आणि पुढे एरंगळच्या वाटेवर चित्रपट व मालिकांच्या चित्रीकरणासाठी भाड्याने दिले जाणारे बंगले लागतात. आज ते एका काल्पनिक कुटुंबाचे, उद्या दुसऱ्याचे. त्यात गैर काहीच नाही. श्याम बेनेगल यांच्या १९८५ सालच्या ‘त्रिकाल’ चित्रपटासाठी गोव्यातील लोटलीचे मारियो मिरांडा यांचे वडिलोपार्जित घर असेच एका कल्पित घराण्याला दिले गेले होते. आम्हांस खटकते ते निराळेच. अलीकडे गावठाणातील कुटुंबे जुने घर पाडण्यापूर्वी त्याची उत्तम छायाचित्रे काढून घेतात. विचार स्तुत्य आहे. पण खरे, राहते घर त्या चित्रांत अनेकदा चित्रीकरणाच्या बंगल्यासारखे दिसते. ओट्यावरची चप्पल नाही, दोरीवरचे कपडे नाहीत, आणि आजीची आरामखुर्ची कोठे गेली ते कळत नाही.

‘उत्तम’ या शब्दाचा येथे नेमका अर्थ काय घेतला जातो? प्रथम तांत्रिक गुण पाहू. कॅमेरा वर कलला की भिंती आत झुकलेल्या दिसतात. म्हणून जाणता छायाचित्रकार कॅमेरा सरळ ठेवून केवळ भिंग वर सरकवतो. रुंद कोनाच्या भिंगातून दहा बाय बाराची खोली दिवाणखान्याएवढी भासते, कारण जवळची वस्तू मोठी होते व समोरची भिंत दूर पळते. सूर्य मावळल्यावर काही क्षण आकाशाचा आणि घरातील दिव्यांचा उजेड समतोल होतो. तो क्षण साधला तर साधे घरही राजवाडा वाटते. हे सारे कौशल्य आहे, आणि कौशल्याची हेटाळणी करणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे.

या कौशल्याचा कळस म्हणून ज्युलियस शुलमन यांचे १९६० सालचे एक छायाचित्र जगभर दाखवले जाते. लॉस एंजेलिस येथील डोंगरकड्यावर पिअर कोनिग या वास्तुशिल्पज्ञाने स्टाल कुटुंबासाठी लोखंड व काच यांचे घर बांधले. चित्रात काचेच्या कोपऱ्यात दोन तरुणी बसल्या आहेत आणि पायाखाली रात्रीचे शहर दिव्यांनी लखलखते आहे. हे एका क्षणात टिपलेले दृश्य नव्हे. शहराचे दिवे उमटावेत म्हणून फिल्मवर काही मिनिटे उजेड पडू दिला गेला, मग फ्लॅश उडवून त्या तरुणी दाखवल्या गेल्या. त्या घरच्या नव्हत्या. फर्निचरही चित्रासाठी मांडलेले होते. तरीही आम्ही या चित्रास खोटे म्हणणार नाही. डोंगराच्या टोकावर भिंतींवाचून राहणे म्हणजे काय, ही वास्तुशिल्पज्ञाची कल्पना ते प्रामाणिकपणे सांगते. मात्र ते कल्पनेचे चित्र आहे, संसाराचे नव्हे. स्टाल दांपत्याने तेथे पुढे तीन मुले वाढवली. त्या कड्यावर मुले सांभाळताना आईच्या जिवाची काय अवस्था होत असेल, हे त्या चित्रास विचारू नये.

नेमके उलट उदाहरण १९३६ सालचे आहे. लेखक जेम्स एजी आणि छायाचित्रकार वॉकर इव्हान्स अमेरिकेतील अलाबामा राज्यात कापूस पिकवणाऱ्या तीन गरीब कुळांच्या सहवासात राहिले. त्यांचा ग्रंथ १९४१ साली प्रसिद्ध झाला. त्याचे शीर्षक ‘लेट अस नाऊ प्रेझ फेमस मेन’ हे जुन्या करारातील सिराखच्या ग्रंथाच्या ४४व्या अध्यायातून घेतले आहे. (प्रॉटेस्टंट बंधू हा ग्रंथ बायबलच्या प्रमाण ग्रंथांत धरत नाहीत, साहित्यिकांना तो फार उपयोगी पडला आहे.) इव्हान्स यांनी स्वयंपाकघराची फळ्यांची भिंत टिपली : आडव्या पट्टीमागे खोचलेले काटे-चमचे, एवढेच. दुसऱ्या चित्रात हात धुण्याचे भांडे, टांगलेला टॉवेल, आणि दारापलीकडे मेजावर तेलाचा दिवा. कॅमेरा समोरासमोर, सरळ उभा. दारिद्र्याचा आक्रोश नाही, शृंगारही नाही. त्या पट्टीमागे चमचे खोचणारा हात चित्रात नसून जाणवतो. आमच्या मते गृहचित्राची ही सर्वांत मोठी कसोटी होय, आणि शुलमन येथे मागे पडतात.

परंतु इव्हान्स यांची बाजूही निर्दोष नाही. चित्रे ग्रंथाच्या आरंभी, मजकुराआधी आणि कोणत्याही ओळीविना छापली आहेत. एजींनी मजकुरात कुटुंबांची नावे बदलली. चेहरे मात्र बदलता येत नाहीत. पुढे त्या घरांतील काहींना या प्रसिद्धीचा मनस्ताप झाला. ज्यांचे घर, त्यांस आपले घर कसे दिसावे हे कोणी विचारले नव्हते. इतके सुंदर चित्र काढताना एक प्रश्न विचारायचा राहून गेला, याची खंत आम्हांस ते चित्र पाहताना दर वेळी वाटते.

म्हणूनच घराचे चित्र काढवून घेणाऱ्या आमच्या कुटुंबांना आम्ही तिसरा मार्ग सुचवू. छायाचित्रकार उत्तमच बोलवावा, भिंती सरळ याव्यात. पण घर आवरण्याचा हुकूम त्याच्या हाती देऊ नये. आल्तार कोणत्या भिंतीला आहे, हे कळण्याइतकी भिंत चित्रात यावी. ओट्यावर कोणी तरी बसू द्यावे, म्हणजे खांबाची उंची आपोआप कळते. विहीर, परसदार आणि शेजारच्या घराशी असलेली अरुंद बोळही यावी, कारण गावठाणातील घर एकट्याने उभे नसते. सुटे टिपले की त्याचा बंगला होतो. सोबत हाताने काढलेला नकाशा असावा, खोल्यांना घरची मंडळी जी नावे देतात तीच त्यावर लिहावीत, आणि चित्रामागे वर्ष व घर बांधणाऱ्याचे नाव. स्वयंपाकघराचे चित्र चूल पेटलेली असताना घ्यावे. धुराने थोडे धूसर आले तरी चालेल.