डेटाबेस विकसन-साधनांतील उत्पादकता सुविधा : एक चिकित्सा

डेटाबेस निर्मितीचे काम सुलभ करणारी अनेक साधने आज उपलब्ध आहेत. ओरॅकलचे ‘एसक्यूएल डेव्हलपर’ हे विनामूल्य साधन २००६ मध्ये आले. मायक्रोसॉफ्टच्या ‘एसक्यूएल सर्व्हर मॅनेजमेंट स्टुडिओ’त २००८ च्या आवृत्तीपासून ‘इंटेलिसेन्स’ची सोय झाली. टेबलाच्या नावाची दोन अक्षरे टंकताच पूर्ण नाव सुचविले जाते, चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ उमटते, तयार साचे हाताशी असतात. या सुविधांमुळे श्रम व वेळ वाचतो, हे निर्विवाद होय. तथापि त्यांची मर्यादा अध्यापनात पुरेशी स्पष्ट केली जात नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

वाशीम जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा हे सहा तालुके आहेत. मात्र मालेगाव तालुका नाशिक जिल्ह्यातही आहे आणि कारंजा वर्धा जिल्ह्यातही. राज्यातील तालुक्यांचे व गावांचे अशी दोन टेबले विद्यार्थ्याने केवळ तालुक्याच्या नावावरून जोडली, तर मालेगावचे प्रत्येक गाव दोनदा येते व बेरीज फुगते. वाक्यरचना शुद्ध असल्याने लाल रेघ उमटत नाही. उलट, समान नावाचे स्तंभ पाहून काही साधने हीच जोड स्वतःहून सुचवितात.

सातबाराच्या नोंदींत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. गट क्रमांक गावापुरताच स्वतंत्र असतो. तोच क्रमांक शेजारच्या गावातही आढळतो. केवळ गट क्रमांकावरून माहिती शोधल्यास एका शेतकऱ्याच्या जमिनीपुढे दुसऱ्याचे नाव येऊ शकते. गावाचा संकेतांक व गट क्रमांक मिळूनच नोंदीची ओळख ठरते. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी संकेतांक दिला गेला, त्यामागील गरज हीच होती.

सारांश, ही साधने टेबलांची व स्तंभांची नावे जाणतात. त्या नावांमागील गाव, शेत व माणूस त्यांना ठाऊक नसतो. म्हणून प्रात्यक्षिकात विद्यार्थ्याने प्रथम कागदावर टेबलांची रचना करावी, प्रत्येक नोंदीची ओळख कशाने ठरते हे लिहावे आणि उत्तरातील नोंदींची संख्या पडताळून पाहावी. त्यानंतरच या सुविधांचा वापर त्याच्या खऱ्या हिताचा ठरेल.